सहा फूट चार इंचांचे अंथरूण

उंच माणसाने रात्रीच्या थंडीची तक्रार केली की आपल्याकडे ठरलेले उत्तर येते: जरा पाय मुडपून झोप, एका रात्रीचा तर प्रश्न. घरातल्या पलंगावर आणि रेल्वेच्या बर्थवर हे उत्तर खपते. हिमालयात बर्फावर तंबू ठोकून झोपायचे असते तेव्हा ते खपत नाही. ज्याची उंची सहा फूट चार इंच आहे, म्हणजे १९३ सेंटिमीटर, त्याने स्लीपिंग बॅग कशी निवडावी हा चैनीचा प्रश्न नाही. त्यावर जेवढा विचार व्हायला हवा तेवढा आपले ट्रेकर करत नाहीत, दुकानदार आणि आयोजक तर नाहीच नाही.

तरी दुसरी बाजूही खरी आहे. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास. सहा फुटांवरची माणसे थोडी आणि सव्वासहा फुटांवरची त्याहून थोडी. त्यांच्यासाठी लांब माल भरून ठेवायचा तर दुकानदाराचे पैसे अडकून पडतात. लांब बॅगेला कापड जास्त, आतले भरण जास्त, म्हणून वजन जास्त आणि किंमतही जास्त. शिवाय गरजेपेक्षा लांब बॅग गारही पडते, कारण रिकाम्या जागेतली हवाही अंगानेच तापवायची असते. ‘सगळ्यात मोठी घेऊन टाका’ हा सल्लासुद्धा त्यामुळे ‘पाय मुडपून झोप’ याच्याइतकाच आळशी आहे. कुठे झोपायचे, किती थंडीत, ओझे कोण वाहणार आणि खिशात किती आहे, यावर उत्तर बदलते.

आखूड बॅगेत नेमके काय होते, ते आधी पाहू. बॅग स्वतः ऊब देत नाही. अंगातून निघणारी ऊब पिसांत (डाऊन) किंवा कृत्रिम तंतूंत (फायबर) अडकलेल्या हवेत धरून ठेवणे एवढेच तिचे काम. ही हवा राहायची तर भरण फुगलेले राहिले पाहिजे. ट्रेकर ज्याला लॉफ्ट म्हणतात तो हाच फुगवटा. पाठीखालचा फुगवटा अंगाच्या भाराने चेपतो, म्हणून खाली मॅट लागते. आखूड बॅगेत तेच पायाशी होते. उताणे झोपल्यावर पावले सैल पडून पंजे पुढे कलतात, त्यामुळे उभ्याने मोजलेल्या उंचीत आडवे झाल्यावर काही सेंटिमीटरची भर पडते. बोटे टोकाला टेकतात, तिथली पिसे दबतात आणि बोटे व बाहेरची गोठलेली हवा यांच्यामध्ये नायलॉनचे दोन पातळ थर तेवढे उरतात. थंडीत शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडता घेते आणि पायाची बोटे तर सगळ्यात लांबची. जिथे ऊब सर्वांत जास्त हवी तिथेच ती नाहीशी होते. डोक्याकडेही ओढाताण सुरू असते. हूड खाली खेचला जातो, खांद्यावर कापड ताणून बसते आणि रात्रभर ताणाखाली राहिलेली चेन कधीतरी दात सोडते.

मग पाय का मुडपू नयेत? ममी आकाराची बॅग खांद्याकडून पायाकडे निमुळती होत जाते. त्या निमुळत्या भागात लांब मांड्यांचा माणूस गुडघे वर घेऊ लागला की गुडघे एका बाजूने आणि टाचा दुसऱ्या बाजूने भिंतींना भिडतात, आणि जो फुगवटा पायाशी वाचवला तो गुडघ्यांशी जातो. आखूड ममी बॅगेत उंच माणसाला धड लांब होता येत नाही आणि धड आखडताही येत नाही.

बॅगेवर छापलेल्या अंशांचाही इथेच विचार करायला हवा, कारण बहुतेक जण तो आकडा पाहूनच बॅग घेतात. युरोपात २००२ साली स्लीपिंग बॅगांच्या तापमानासाठी ईएन १३५३७ हे मानक आले. २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. आत तापवता येणारा माणसाएवढा पुतळा, अंगात लांब थर्मल आणि पायात मोजे घालून, खाली मॅट देऊन बॅगेत ठेवतात आणि किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. त्या मोजणीवरून ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे आकडे काढले जातात. कम्फर्ट ज्या प्रमाण स्त्रीसाठी, ती १६० सेंटिमीटर उंच आणि ६० किलो वजनाची. लिमिट ज्या प्रमाण पुरुषासाठी, तो १७३ सेंटिमीटर आणि ७३ किलो. दोघेही पंचविशीतले. लिमिटचा अर्थही नीट वाचावा: त्या तापमानाला हा पुरुष अंग आखडून आठ तास न उठता झोपू शकतो. म्हणजे आकड्यातच आखडून झोपणे गृहीत आहे, आणि तेही पाच फूट आठ इंचांच्या माणसाचे. १९३ सेंटिमीटरच्या माणसाने नेहमीच्या मापाच्या बॅगेवर उणे सात लिहिलेले पाहून ती घेतली, तर तो आकडा त्याच्यासाठी नाहीच. मापात बसलेल्या बॅगेतसुद्धा उंच आणि सडपातळ माणसाने चार-पाच अंश हातचे धरावेत, असे माझे मत आहे. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त असतो आणि तेवढी ऊब जास्त जाते.

मापांबद्दलही गोंधळ फार. परदेशी कंपन्यांची नेहमीची बॅग सहा फुटांपर्यंतच्या माणसासाठी असते आणि लांब बॅग साडेसहा फुटांपर्यंतच्या. अमेरिकेतली वेस्टर्न माउंटेनियरिंग ही कंपनी पाच फूट सहा, सहा फूट आणि सहा फूट सहा अशा तीन मापांत बॅगा शिवते. हे माप माणसाच्या उंचीचे असते. आपल्याकडच्या अनेक बॅगांवर मात्र बॅगेची स्वतःची लांबी लिहिलेली असते, हूड धरून. २१० हा आकडा वाचून १९३ वाल्याला वाटते की भरपूर जागा आहे. ढोबळ हिशेब असा करावा: एकूण लांबीतून वीस सेंटिमीटर वजा करा, उरेल तेवढ्या उंचीचा माणूस त्यात नीट मावतो. २१० ची बॅग १९० च्या माणसाची. आपल्या माणसाला २१५ च्या वरची हवी, २२० असेल तर उत्तम.

माझ्या भाच्याची उंची हीच, १९३. डिसेंबरात हिमालयातला केदारकांठा ट्रेक करायचा म्हणून बॅग घ्यायला आम्ही गेलो तेव्हा दुकानातल्या मुलाने बॅग त्याच्या खांद्याला लावून दाखवली. “बसते की दादा, फिट आहे.” उभ्या माणसाला लावून बॅगेचे माप कळत नाही. मी त्याला मॅट मागितली. दुकानाच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी झोपायला भाचा लाजत होता. “मामा, राहू दे ना, घरी जाऊन बघू.” पण घरी गेल्यावर परत करणे अवघड होते, तेव्हा तो शेवटी जाड मोजे घालून आत शिरला, चेन वरपर्यंत लावली, हूडची नाडी आवळली आणि उताणा पडला. मी पायाकडे जाऊन बाहेरून तळवा टेकवला. पाचही बोटे एकेक करून हाताला लागली. बॅग योग्य मापाची असेल तर तिथे नुसता मऊ फुगवटा लागतो, बोटे सापडत नाहीत. नंतर त्याला कुशीवर वळायला सांगितले. बॅग त्याच्याबरोबर वळली नाही, खांद्याशी पिळली गेली. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. कोणत्याही लेबलापेक्षा ती खरी, आणि दुकानदाराने कितीही घाई केली तरी ती सोडू नये.

आता पर्याय. पहिला फुकटातला आहे आणि तो मला मनापासून आवडतो: आहे ती नेहमीच्या मापाची बॅग घ्यायची, पण हूड वापरायचा नाही. बॅग खांद्यापर्यंत आली की पायाशी वीसेक सेंटिमीटर मोकळे होतात. वर हूडवाले डाऊन जॅकेट, कानटोपी आणि गळ्याभोवती मफलर. आल्प्समधले गिर्यारोहक कमरेएवढी अर्धी बॅग आणि वर जॅकेट घालून कड्यांवर रात्री काढत आले आहेत. ‘हत्तीचा पाय’ म्हणतात त्या अर्ध्या बॅगेला. जॅकेट आपण सॅकमध्ये नेतोच, मग ते रात्री का वापरू नये? शून्य ते पाच अंशांपर्यंत ही युक्ती छान चालते. त्याखाली तिचा कमकुवतपणा उघड होतो. बॅगेचे तोंड खांद्याशी उघडे राहते. कूस बदलली की तापलेली हवा भसकन बाहेर जाते आणि गार हवा मानेतून पाठीवर उतरते. शिवाय छापील अंश हूड आवळलेला धरून काढलेले असतात. केदारकांठ्याच्या कॅम्पवर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली, कधी उणे दहाच्या आसपास जातो. तिथे या युक्तीच्या भरवशावर मी कोणाला पाठवणार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे सरळ लांब बॅग. तिच्याविरुद्ध वजनाचा जो मुद्दा काढतात तो मला फारसा पटत नाही. त्याच बॅगेच्या नेहमीच्या आणि लांब मापांत साधारण शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो, तेवढे वजन सॅकमधल्या फरसाणाच्या पाकिटाचे असते. किमतीचा मुद्दा मात्र खरा आहे. नामांकित परदेशी कंपनीची लांब डाऊन बॅग इथे येईपर्यंत तीस-चाळीस हजारांच्या घरात सहज जाते, आणि वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलाला एवढी रक्कम अंथरुणात घालायला सांगणे सोपे नाही. घेतलीच तर एक गोष्ट तपासावी. कंपनीने लांब मापात पिसांचे वजन वाढवले आहे का? चांगल्या कंपन्या दोन्ही मापांचे भरण ग्रॅममध्ये वेगवेगळे देतात. भरण तेवढेच असेल आणि बॅग मात्र वीस सेंटिमीटरने लांब असेल, तर तीच पिसे जास्त जागेत पसरली, बॅग पातळ झाली आणि लांबीचे पैसे देऊन आपण थंडी विकत घेतली. खांद्याचा घेरही पाहावा. उंच माणसे बऱ्याचदा रुंदही असतात आणि काही कंपन्या लांबी वाढवतात पण घेर तसाच ठेवतात.

उंच मुलींची अडचण आणखी वेगळी. स्त्रियांसाठीच्या बॅगांत पायाशी भरण जास्त देतात, हे चांगले, पण त्या बॅगा बहुधा साडेपाच-पावणेसहा फुटांवर थांबतात. पाच फूट अकराच्या मुलीने पुरुषांची बॅग घ्यावी आणि लिमिट सोडून कम्फर्टचा आकडा वाचावा.

तिसरा पर्याय आपल्या हाताशी आहे: शिवून घेणे. सॅक दुरुस्त करणारे कारागीर पुण्या-मुंबईत आहेत. फायबर भरलेल्या बॅगेचे टोक उसवून त्यात वीस-पंचवीस सेंटिमीटरचा तुकडा जोडणे त्यांना जमते. फायबर पत्र्यासारखा सलग असतो, कापला तरी सांडत नाही. डाऊन बॅगेला मात्र सुई लावू देऊ नका. प्रत्येक टाक्याचे भोक पिसाला बाहेरची वाट दाखवते, आणि आरपार शिवणीच्या रेषेवर फुगवटा शून्य होतो, म्हणजे पायाशीच थंडीची एक पट्टी तयार होते. शिवणकामाच्या भानगडीत न पडता आखूड बॅगेतही थोडे साधते. खालून उघडणारी चेन असेल तर ती वीतभर उघडायची, पाय तिथून मोकळे करायचे आणि त्यांच्यावर जाड जॅकेट चेन लावून टोपीसारखे चढवायचे. अडीअडचणीला हे ठीक. रात्रभरात जॅकेट निसटते.

सह्याद्रीचा विचार वेगळा करायला हवा आणि इथे मी लांब डाऊन बॅगेच्या विरुद्ध आहे. राजगडावर पद्मावती मंदिरात किंवा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात ऐन थंडीत पारा एक आकडी होतो, पण गोठणबिंदू लांबच असतो. वर्षातले उरलेले बरेच महिने दमट. ओल लागली की पिसांचा लगदा होतो आणि ऊब जाते. फायबर ओला झाला तरी बरीच ऊब राखतो, लवकर वाळतो आणि स्वस्तही पडतो. इथे चौकोनी, रुंद, फायबरची बॅग उत्तम. तिच्यात तिरके झोपता येते, चेन पूर्ण उघडून रजईसारखी पांघरता येते, गुडघे हवे तसे घेता येतात. क्विल्ट नावाचा, पाठीकडे उघडा असलेला प्रकार परदेशात माणसाच्या उंचीप्रमाणे शिवून देतात. घरी आजीच्या हातची साडेसात फुटी गोधडी असेल, तर गडावरच्या रात्रीसाठी तिचा उपयोग त्याहून कमी होत नाही. वजन तेवढे सोसायला हवे.

म्हणून सह्याद्री आणि हिमालय यांसाठी एकच बॅग घ्यावी, या हट्टापायीच बहुतेक चुका होतात असे मला वाटते. उणे दहाची लांब डाऊन बॅग राजगडावर घामाने भिजवते. रुंद फायबरची बॅग केदारकांठ्यावर कुडकुडवते. सह्याद्रीसाठी साधी, स्वस्त, रुंद बॅग विकत घ्यावी. हिमालयासाठी योग्य मापाची लांब बॅग भाड्याने मिळते का ते आधी शोधावे, आणि दर हिवाळ्यात जाणार असाल तरच पैसे साठवून विकत घ्यावी. भाच्याला मी हेच सांगितले. त्याला ते अर्धे पटले. त्याचे म्हणणे, भाड्याच्या बॅगेतली पिसे वापरून वापरून चेपलेली असतात, मग तिच्या अंशांवर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न रास्त आहे. भाड्याची बॅग पिशवीतून काढून अर्धा तास मोकळी ठेवावी. ती फुगून वर आली नाही, हाताला गुठळ्या लागल्या, तर माप बरोबर असूनही ती घेऊ नये.

बॅग मिळाली तरी तंबू आणि मॅट उरतातच. दोन माणसांचे अनेक तंबू आतून २१०-२२० सेंटिमीटर लांब असतात. २२० ची बॅग त्यात ठेवली की एक टोक तंबूच्या कापडाला टेकणारच. रात्री श्वासातली वाफ त्या कापडावर साचते, बर्फात गोठते आणि पहाटे विरघळून बॅगेच्या टोकात मुरते. लांब बॅग घेऊनही पाय गार पडल्याची तक्रार बऱ्याचदा इथून येते. कर्णरेषेत, तिरके झोपावे, आणि जोडीदाराला आधी सांगून ठेवावे. बॅगेच्या टोकावर रेनकोट किंवा सॅकचे कव्हर चढवावे. नेहमीची मॅट १८३ सेंटिमीटरची असते, म्हणजे आपल्या माणसाची पावले थेट तंबूच्या जमिनीवर येतात. रिकामी केलेली सॅक पावलांखाली अंथरली की हे भागते.

आता आयोजकांकडे वळू, कारण हिमालयात जाणारे बहुतेक मराठी ट्रेकर स्वतःची बॅग नेत नाहीत, संस्थेने दिलेल्या बॅगेत झोपतात. अशा अनेक संस्था नावनोंदणीच्या वेळी उंची आणि वजन विचारतात, बीएमआय काढण्यासाठी. ज्याला चढाई झेपणार नाही त्याला आधीच थांबवावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. त्याच संस्था बूट भाड्याने देताना नंबर विचारतात, जॅकेट देताना लार्ज की एक्स्ट्रा लार्ज ते विचारतात. माणूस ज्यात सलग नऊ-दहा तास बंद होऊन पडणार त्या बॅगेसाठी मात्र, हातात उंचीचा आकडा असूनही, बहुधा एकच माप असते. त्यांची अडचण मी समजू शकतो. सगळ्याच बॅगा लांब ठेवल्या तर बुटक्या माणसांचे पाय गार पडतील, आणि तीस बॅगांमागे साडेचार किलोचे जादा ओझे खेचरांच्या पाठीवर जाईल. पण सगळ्या लांब ठेवा असे कोणी म्हणत नाही. तीस जणांच्या तुकडीमागे तीन लांब बॅगा ठेवल्या तर जादा वजन अर्धा किलोही होत नाही. या लांब बॅगांच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाची नाडी बांधली की कॅम्पवरच्या अंधारातही त्या ओळखू येतात. साडेसहा फुटांवरच्या माणसासाठी बाजारातही तयार माप मिळणे कठीण, तेव्हा संस्थेकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याला दोन बॅगा द्याव्यात, एकीत झोपायला आणि दुसरी कमरेपासून खाली वरून चढवायला.

हे होईपर्यंत उंच ट्रेकरने पैसे भरण्याआधी संस्थेला लेखी विचारावे: माझी उंची अमुक, तुमच्या बॅगेची हूड धरून लांबी किती, आणि कम्फर्ट किती अंशांचा? उत्तरात आकडे आले तर निर्धास्त जावे. ‘काही काळजी करू नका, होऊन जाईल’ असे आले तर स्वतःची बॅग न्यावी, उसनी मागून का होईना, आणि निघण्याआधी एका रात्री घरच्या गच्चीवर तिच्यात झोपून पाहावे.